घणसोलीकडच्या पणजोबांचा माग कागदपत्रांतून कसा काढावा?

आपला प्रश्न असा आहे की, घणसोलीजवळच्या गावात भातशेती करणाऱ्या आणि उन्हाळ्यात मिठागरावर जाणाऱ्या पणजोबांचे केवळ नाव ठाऊक असताना त्यांचे आयुष्य आणि कुटुंब कसे शोधावे. मी ठाण्यात राहून स्वतःच्या घराण्यासाठी हे काम केले आहे. माझे मत असे की आरंभ जमिनीच्या कागदांपासून करावा आणि प्रत्येक नोंद त्या काळच्या कायद्याशी ताडून वाचावी.

ते गाव ठाणे तालुक्यातले असल्याने जुने सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी) ठाणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागता येतात. मालकाच्या जागी पणजोबांचे नाव न दिसल्यास ते कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, असू शकतील, म्हणून ‘इतर हक्क’ हा रकानाही पाहावा; कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानले, आणि त्यानंतरच्या फेरफारांत अशी कित्येक नावे कब्जेदार म्हणून वर आली. एकाच भावाच्या नावापुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असे असेल, तर बाकीचे भाऊ त्या नावाआड आहेत असे समजावे. ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, या अक्षरांवरून वडील वारले तेव्हा कोणती मुले अज्ञान होती आणि त्यांचे पालन कोणाकडे आले, हे कळते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारस नोंदींत मुली सहसा आढळत नाहीत, पुढच्या नोंदींत मात्र त्या सासरच्या नावाने येतात. माझ्या आजोबांना एक धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कोणालाच आठवत नव्हते. ते मला अशाच एका फेरफाराने सांगितले, आणि त्या आत्याआजीबद्दल घरात कधी विचारले नाही याची खंत मला आजही वाटते.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, मागावी. जुनी पाने बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी जाणणाऱ्याची मदत लागेल. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पाने अवश्य वाचावीत, कारण इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत एकाच घरातली अनेक माणसे काही दिवसांच्या अंतराने गेल्याच्या नोंदी सापडू शकतात. विधुराचा दुसरा विवाह किंवा मामाकडे वाढलेले मूल यांचा उलगडा कधीकधी तिथेच होतो. मिठागरावरच्या मजुरांची नावे महसुली कागदांत क्वचितच येतात. त्या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर उपयोगी पडते.

आपल्या भागात आणखी एक साधन आहे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, स्थापन झाल्यावर जमिनी संपादन करताना जे निवाडे झाले, त्यांत खातेदारांची नावे आणि क्षेत्र नोंदलेले असते. साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याच्या योजनेत, भूखंडासाठी अर्ज केलेल्या एखाद्या चुलत नातेवाइकाकडे वारस दाखल्यासोबत जोडलेली वंशावळ असण्याचा बराच संभव आहे, म्हणून सरकारी कचेरीत जाण्याआधी त्यांच्या घरची फाईल पाहण्याची विनंती करावी.