वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात कलहारी

प्रश्न : ताई, मुलगा-सून बोत्सवानात गॅबोरोनला असतात. जानेवारीअखेर आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत. तिकडे तेव्हा पावसाळा. ट्रॅव्हलवाले म्हणतात, पावसात प्राणी दिसत नाहीत, ऑगस्टमध्ये जा. ऑगस्टात शेती सोडून निघणं जमत नाही. मध्य कलहारी अभयारण्य बघावं की नको?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काका, बेलाशक जा. कलहारी बघायची तर पावसातच, असं माझं ठाम मत आहे.

ट्रॅव्हलवाले म्हणतात ते नामिबियाच्या एटोशाला लागू पडतं. तिथं कोरड्या दिवसांत जनावरं पाणवठ्यावर येतात आणि पाऊस झाला की पांगतात. आपणही काबिनी-बंदीपूरला भर उन्हाळ्यात पाण्यापाशी गाडी लावून बसतो, म्हणून हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. मध्य कलहारीत मात्र नैसर्गिक पाणवठे जवळजवळ नाहीतच. पाऊस अथणीपेक्षाही कमी. गेम्सबॉक हरणं कंदमुळं, रानटी कलिंगडं आणि पाल्यातल्या ओलाव्यावर महिनोन्‌महिने काढतात. तिथं जनावर चाऱ्यामागं फिरतं, आणि चांगला चारा उगवतो तो पावसानंतर, जुन्या नद्यांच्या सुकलेल्या पात्रांत. डिसेप्शन व्हॅली हे असंच एक पात्र. आखूड, कोवळं गवत वर आलं की गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक तिथं गोळा होतात; मागोमाग काळ्या आयाळीचे सिंह नि चित्ते. सकाळच्या उन्हात स्प्रिंगबॉक चारी पाय ताठ करून जागच्या जागी उसळतो आणि पाठीवरची दुमडलेली पांढऱ्या केसांची पट्टी पंख्यासारखी उघडते. ते बघताना मला दुसरं काही सुचत नाही.

आता गाडीचं. मुलाला सांगा, एकट्या गाडीनं जायचं नाही, दोन फोर-बाय-फोर हव्यातच. आत पेट्रोल नाही, दुकान नाही. पिण्याचं पाणी घरूनच न्यायचं. वाळूची भीती नको, ओली वाळू उलट दबून बसते. धोका आहे तो पात्रातल्या आणि पॅनमधल्या, म्हणजे पावसाचं पाणी साठणाऱ्या सपाट खोलगट जागांमधल्या, चिकणमातीचा. काळ्या रानात पावसानंतर ट्रॅक्टर घातला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको! पाणी साठलेलं दिसलं की तिथूनच मागं फिरा.

आणि गवताचं बी. त्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात गुडघाभर गवत माजतं. त्याचं कुसळ रेडिएटरमध्ये अडकून इंजिन तापतं. वाळलेल्या काड्या गाडीखाली सायलेन्सरपाशी गच्च बसल्या तर पेट घेतात. अशा गाड्या जळाल्या आहेत. रेडिएटरपुढं बारीक जाळी बांधा. मधूनमधून थांबून, आधी चहूकडं नीट बघून, गाडीखाली वाकायचं आणि काड्या उपसून काढायच्या. जळका वास आला तर लगेच थांबा. अग्निशामक हाताशी हवा, सामानाच्या तळाशी नको.

राहायच्या जागांना कुंपण नसतं. रात्री तंबूबाहेर पडायचं नाही, आणि वीज कडाडत असेल तर गाडीत बसायचं.

मौन (Maun) या गावामार्गे जाणार असाल तर त्या भागात पावसाळ्यात मलेरिया असतो. निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. विमान अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीच्या दाखल्याचा नियम आधी तपासा. लस घ्यावी लागली तर ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दाखला 10 दिवसांनी लागू होतो. म्हणून हे काम डिसेंबरातच उरका.