प्राचीन ज्यूंची भाषा कोणती? सुरुवात इथून करा

प्रश्न चांगला आहे, फक्त 'भाषा' एकवचनात धरू नका. नवख्यांची पहिली चूक हीच. आधी विचारा: कुठले ज्यू, आणि कोणत्या काळातले?

सध्या तीन भाषा पुरेत. हिब्रू ही धर्मग्रंथाची मुख्य भाषा. अरामी इराणी साम्राज्याच्या कारभाराची; इजिप्तमधल्या एलिफंटाईन बेटावरच्या ज्यूंची इ.स.पू. पाचव्या शतकातली पत्रं आणि करारनामे अरामीतच आहेत. ग्रीक अलेक्झांड्रियाची, तिथे इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोराहचं (धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं) ग्रीक भाषांतर झालं.

इ.स.पू. सहाव्या शतकात ज्यूंना बाबिलोनला हद्दपार केलं, त्यानंतर हिब्रू बोलणं संपलं, असंही मानू नका. बार कोखबाच्या रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडातली (इ.स. 132-135) पत्रं मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडली. त्यांत हिब्रू, अरामी, ग्रीक तिन्ही आहेत. एकाच बंडातल्या माणसांची पत्रं, तीन भाषांत! मला हा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो.

आणि लिपीवरून भाषा ओळखायला जाऊ नका. आजची चौकोनी हिब्रू लिपी मुळात अरामीची. बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकात 2:4 पासून भाषा मध्येच अरामी होते, अक्षरं मात्र तीच राहतात.

सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) हिब्रू पाठानंतर अरामीत तोंडी भाषांतर सांगत, ते तार्गुम. हे अवघड वाटलं तर कोकणातले बेने इस्रायली ज्यू आठवा: प्रार्थना हिब्रूत, घरात मराठी.

अरामीच्या बोलीभेदांत इतक्यात शिरू नका. आधी मराठी बायबलातला नहेम्याचा आठवा अध्याय वाचा. नियमशास्त्र (म्हणजे तोराह) लोकांसमोर वाचून समजावून सांगतात, तो प्रसंग तिथे आहे.