सार्नियाला केमिकलमध्ये जॉब मिळेल का? लोट्याच्या मित्राला माझं उत्तर

तू लिहिलंयस की लोट्याच्या एमआयडीसीत प्लांट ऑपरेटर आहेस, बीएस्सी केमिस्ट्री, मिसेस खेडला हॉस्पिटलात नर्स आहे, आणि एजंट म्हणतोय की कॅनडात ऑन्टॅरिओला सार्निया म्हणून गाव आहे तिथे नुसत्या केमिकल कंपन्या, तुमच्या अनुभवावर डोळे झाकून घेतील, फक्त आधी कॉलेजला अॅडमिशन घ्या. फीसाठी आंब्याची बाग पाच वर्षांच्या कराराने द्यायचा विचार आहे. मी मूळचा चिपळूणचा, आता सार्नियातच राहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, बागेचा करार तेवढा थांबव.

एजंटने अर्धंच सांगितलंय. कंपन्या आहेत यात वाद नाही. इथून जवळच ऑइल स्प्रिंग्सला १८५८ मध्ये जेम्स मिलर विल्यम्सने तेलाची विहीर काढली, तिथून हे सगळं सुरू झालं. मग रिफायनऱ्या आल्या, दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर रबर मिळेना म्हणून सरकारने १९४२ मध्ये इथे पॉलिमर कॉर्पोरेशन काढून कृत्रिम रबर बनवायला घेतलं, आणि त्याचा एवढा अभिमान की १९७१ च्या दहा डॉलरच्या नोटेवर चक्क त्या कारखान्याचं चित्र होतं. आज इम्पीरियल ऑइल, शेल, सनकोर अशा तीन रिफायनऱ्या, नोव्हा केमिकल्सचा क्रॅकर (प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा प्लांट), सगळं सेंट क्लेअर नदीच्या काठाने, नदीपलीकडे अमेरिका. रात्री फ्लेअर, म्हणजे चिमणीवर जादा गॅस जाळायची ज्योत, पेटलेला दिसतो तेव्हा नवीन माणसाला वाटतं अख्खं गाव इथेच कामाला असणार.

पण तसं नाहीये. २०२१ च्या जनगणनेत सार्नियाची लोकसंख्या ७२ हजारांच्या आसपास. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या साईटवर गावाचं पान काढलं की कुठल्या इंडस्ट्रीत किती माणसं कामाला आहेत त्याचा तक्ता मिळतो, तो एकदा नीट बघ. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, दुकानं, शाळा, हॉटेलं यांची बेरीज कर, कारखाने बरेच मागे पडतात. कारण साधं आहे, पैसा मशीनमध्ये, माणसं कमी. आपल्याकडे एन्रॉनचा प्रकल्प बांधत होते तेव्हा गुहागर-दाभोळकडे केवढी वर्दळ होती, आणि प्लांट उभा राहिल्यावर गेटच्या आत किती स्थानिक उरले? इथेही तेच. कंट्रोल रूममध्ये बोर्डवर एक माणूस समोर स्क्रीनची भिंत घेऊन बसलेला, बाहेर एकदोन फील्ड ऑपरेटर जाड कपड्यांत बर्फातून चालत व्हॉल्व्ह आणि स्टीम ट्रॅप बघतायत, बारा तासांची शिफ्ट, झालं युनिट. आपल्याकडे त्याच कामाला रिअॅक्टरवर दोन हेल्पर, ड्रायरवर एक, वर एक शिफ्ट इनचार्ज.

बरं, या ऑपरेटरच्या जागा युनियनच्या, पगार उत्तम, त्यामुळे रिटायर होईपर्यंत कोणी हलत नाही. एखादी निघाली तर तिला लॅम्बटन कॉलेजच्या केमिकल प्रॉडक्शन आणि पॉवर इंजिनियरिंगच्या कोर्सची पोरं तयार असतात, कोर्स करतानाच त्याच कंपन्यांत को-ऑप, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम, केलेलं, हातात ऑन्टॅरिओचं बॉयलर-स्टीमचं तिकीट, म्हणजे लायसन्स. आपलं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट इथे तसंच्या तसं चालत नाही, परीक्षा द्याव्या लागतात, आणि चौथ्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, लायसन्सपासून वर चढायचं.

शिवाय कंपन्या कायम राहतात असंही नाही. डाऊने २००९ मध्ये इथलं उत्पादन बंद केलं. २०२४ मध्ये बेंझिन या विषारी रसायनामुळे शेजारच्या आमजिवनांग या मूलनिवासी वस्तीतली माणसं आजारी पडली, तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि इनिऑस स्टायरोल्युशन या कंपनीने तिथला आपला प्लांट कायमचा बंद करायचा निर्णय घेतला. (लोट्याचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतली मेलेली मासळी हे तू लहानपणापासून ऐकलंयस, वेगळं सांगायला नको.)

आता त्या तक्त्यातली गंमत. प्लांटच्या जिवावर जगणारी पुष्कळ माणसं त्यात मॅन्युफॅक्चरिंगच्या ओळीत दिसतच नाहीत. आपल्याकडे ठेकेदाराचा माणूस कंपनीत राबतो पण कंपनीचा नसतो, तसंच. मेंटेनन्सचे पाईपफिटर, वेल्डर, स्कॅफोल्डिंगवाले, इन्सुलेशनवाले कन्स्ट्रक्शनमध्ये मोजले जातात, लॅब आणि डिझाईन ऑफिसं प्रोफेशनल सर्व्हिसेसमध्ये. म्हणजे तुझ्यासारख्याला खरा चान्स त्या ओळींमध्ये आहे. शटडाऊनचा, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायचा, सीझन बघायला पाहिजेस तू, इथे टर्नअराउंड म्हणतात, पहाटे साडेपाचला गेटबाहेर पिकअप ट्रकची रांग, मोटेल फुल, कॉफीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि काम संपलं की पुढच्या आठवड्यात सगळं सामसूम. ही माणसं युनियन हॉलमधून, म्हणजे कामगार संघटनेच्या ऑफिसातून, येतात, मधल्या काळात बेकारी भत्ता घेतात. तुझ्याबरोबर आयटीआय फिटर कोणी असेल तर त्याला सांग, इथे त्याला मिलराईट म्हणतात आणि त्याला चांगली मागणी आहे, स्टीमफिटर आणि इलेक्ट्रिशियनला मात्र लायसन्स सक्तीचं. तुझं ऑपरेटरचं काम या गणितात बसत नाही, तुझ्या बीएस्सीला लॅब टेक्निशियन किंवा पाणी शुद्धीकरणाचा ऑपरेटर ही लाईन बरी, तिलाही लायसन्स आहे पण सुरुवात ट्रेनी म्हणून करता येते.

आणि मेन मुद्दा, तुझा अख्खा मेसेज तुझ्याबद्दल आहे आणि मिसेसबद्दल एक ओळ. उलटं पाहिजे होतं रे. त्या तक्त्यात हेल्थकेअरची ओळ मोठी आहे आणि ती आटणारी नाही, कारण गाव म्हाताऱ्यांचं आहे. वर नदीपलीकडे पोर्ट ह्युरॉन हे अमेरिकेतलं गाव, काही नर्सेस इथे राहून रोज ब्लूवॉटर ब्रिजवरून अमेरिकेत कामाला जातात, म्हणजे इथल्या हॉस्पिटलांना त्यांच्याशीही स्पर्धा. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंटवर पीआर (कायम राहायचा परवाना) द्यायच्या कॅनडाच्या पद्धतीत, २०२३ पासून हेल्थकेअरचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघतात, केमिकल ऑपरेटरचे नाही. म्हणून मुख्य अर्जदार तिला कर, तू स्पाउस म्हणून ये, तुला वर्क परमिटची चिंता राहणार नाही आणि बागही हातात राहील.

स्टुडंट व्हिसाचा रस्ता आता पूर्वीसारखा नाही. २०२४ मध्ये संख्येवर कॅप आला, नोव्हेंबरपासून कॉलेजच्या कोर्सला नंतरचं वर्क परमिट हवं तर तो विषय सरकारच्या यादीत पाहिजे. बिझनेस मॅनेजमेंटछाप कोर्स एजंट गळ्यात मारेल, त्याला कमिशन मिळतं, तुला पुढे काय मिळणार ते विचार. आणि 'जॉब ऑफर लेटर मिळवून देतो, एवढे लाख द्या' असं कोणी म्हणालं तर फोन ठेव, मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकलेत.

मिसेसला पहिलं काम म्हणजे नर्सिंग स्कूलमधून ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून रजिस्ट्रेशन व्हेरिफिकेशन, याला आपल्याकडे महिने लागतात, मागे लागावं लागतं. मग कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टॅरिओकडे अर्ज. कॉलेज नावाचं असलं तरी ते शिकवत नाही, लायसन्स देतं. आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हायचं तर एनसीएलईएक्स ही परीक्षा, आरपीएन (रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या खालची पायरी) असेल तर आरईएक्स-पीएन. इंग्लिशची टेस्ट घाईत देऊ नका, त्या निकालाला मुदत असते, आधी कागद हातात येऊ देत. ती जीएनएम (डिप्लोमा) आहे का बीएस्सी नर्सिंग ते तू लिहिलंच नाहीयेस, ते कळव, म्हणजे पुढचं सांगतो.