सोलापूरच्या नंदीध्वज मिरवणुकीच्या, दोन रेकॉर्डरवर घेतलेल्या वेव्ह फाइल्स रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या शून्यावर येतात, वेळेनुसार कशा लावायच्या?

हिरेहब्बू वाडा आणि संमती कट्टा या मिरवणुकीतल्या दोन्ही ठिकाणच्या रेकॉर्डरने ब्रॉडकास्ट वेव्ह (बीडब्ल्यूएफ, वेळेची नोंद ठेवणारा वेव्हचा प्रकार) लिहिली असेल तर सुरुवातीची वेळ फाइलच्या हेडरमध्येच असते. नुसतं ड्रॅग केल्याने रीपर ती वापरत नाही. प्रत्येक रेकॉर्डरला वेगळा ट्रॅक द्या, सगळे आयटम सिलेक्ट करा, अ‍ॅक्शन लिस्टमध्ये 'बीडब्ल्यूएफ' शोधा आणि 'सोर्स प्रिफर्ड पोझिशन'वर हलवणारी कमांड चालवा. आयटम दिसेनासे झाले तर घाबरू नका. दुपारी 1 ची फाइल टाइमलाइनवर 13 तासांवर जाऊन बसलेली असते. सगळे एकत्र पकडून डावीकडे ओढा.

वेळ तास-मिनिटांत नसते, मध्यरात्रीपासूनच्या सॅम्पल्सच्या (आवाजाच्या सेकंदाला हजारो नोंदींच्या) संख्येत असते. त्यामुळे सेकंदाला 48000 सॅम्पल्सची फाइल आधी 44100 ला बदलली आणि हेडरमधला आकडा तसाच राहिला, तर संध्याकाळचे 6 हे 7:35 होतात. मूळ फाइलच आयात करा. एमपीथ्री केलीत की हा वेळेचा शिक्का बहुधा गेलाच. मध्यरात्रीनंतरच्या फाइल्स सगळ्यांच्या आधी येतील, त्या 24 तास पुढे सरकवा.

एवढं करूनही दोन्ही ट्रॅक नेमके जुळणार नाहीत, कारण रेकॉर्डरची घड्याळं हाताने लावलेली. दोन्हीकडे ऐकू आलेला एखादा फटाका धरून, टाइमलाइन झूम करून जुळवा, पण आवाजाला 340 मीटरला साधारण एक सेकंद लागतो हे विसरू नका. शिवाय दोन रेकॉर्डरच्या वेगातला 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20) फरक तासाला 72 मिलिसेकंद खातो, तेव्हा शेवटाकडेही तपासा.

ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत हे जमत नाही. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी स्पॉट मोड घ्या आणि 'ओरिजिनल टाइम स्टॅम्प' वापरा.