तेच तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट), तेच पाच सूर, मग ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीतातला गिटारवादक बी. बी. किंग महान आणि त्याच्या दुप्पट वेगाने वाजवणारा का नाही?

कारण ब्लूजमध्ये वेगावरून फारसं काही ठरत नाही. एकेक सूर नेमका कुठे लागतो आणि किती वेळ टिकतो, तिकडे कान द्या.

ए मधला (म्हणजे ए हा सा) साधा ट्वेल्व्ह बार घ्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचं आवर्तन: चार बार ए ७, दोन डी ७, दोन ए ७, मग एकेक ई ७ आणि डी ७, शेवटी दोन ए ७. गिटारच्या तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) सी मिळतो, म्हणजे आपला कोमल गंधार. ए ७ चालू असताना तो सरळ लावला तर कोरडा वाटतो. तार किंचित, अर्ध्या स्वराच्याही अर्धी ताणली की तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये जाऊन बसतो. ब्लूजचा खरा सूर तिथे आहे. डी ७ आला की सी हा त्या कॉर्डमधलाच सूर असतो, तेव्हा ताणायचा नाही. ई ७ वर तर त्याच्यावर थांबूच नये, बी किंवा डी वर उतरावं. हौशी वादक तिन्ही कॉर्डवर एकच स्केल, म्हणजे तेच पाच सूर, फिरवत राहतो. किंग कॉर्ड बदलला की उतरायचा सूर बदलतो.

दुसरी गोष्ट व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेला थरार. किंग अंगठा गिटारच्या मानेवरून सोडून पहिल्या बोटाच्या आधारावर अख्खा हात हलवायचा. नात्यातल्या बुका व्हाइट या गिटारवादकासारखं स्लाइड (तारांवर नळी घसरवत वाजवणं) जमेना, म्हणून तो थरार त्याने नुसत्या बोटाने आणला. इथे बहुतेकांचं बिघडतं ते घाईने: बेंड, म्हणजे ताणलेला सूर, पूर्ण वर पोचायच्या आधीच बोट हलायला लागतं, आणि सूर बेसूर होतो. तपासायचं असेल तर तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा ई वाजवा, मग सातव्या फ्रेटचा डी ताणून तिथपर्यंत न्या. दोन्ही तंतोतंत जुळेपर्यंत व्हायब्रेटोला हात लावू नका.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी: गप्प बसणं. ब्लूजच्या कडव्यात एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी वेगळी. प्रत्येक ओळीला चार बार. गाणं साधारण पहिल्या दोनांत संपतं, उरलेले दोन वाद्याच्या उत्तराचे. किंग गाताना गिटार थांबवायचा. १९६४ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेला त्याचा 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम लावा आणि फक्त त्या उत्तरांकडे लक्ष ठेवा. गाण्यावर वादन चढवणारा वादक लगेच ओळखू येईल.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर. तो बरेचदा एकाच कॉर्डवर वाजवायचा, बारही मनाला येतील तसे लांबवायचा. खरं आहे, पण पायाने धरलेला त्याचा ठेका हलत नाही. साथीदारांची तारांबळ उडायची ती बारच्या हिशोबामुळे, लय सुटल्यामुळे नव्हे.

वादनकौशल्याच्या बदल्यात क्रॉसरोडवर (चौरस्त्यावर) सैतानाला आत्मा विकल्याची जुन्या ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा मात्र या वादात आणू नका. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने ध्वनिमुद्रित केलेली २९ गाणी ऐका: अंगठा खर्जात ताल धरतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर गळ्याला उत्तर देतात, आणि हे सगळं एकाच गिटारवर.