धुआंधार कधी गाठावा?

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, राहणार मानेवाडा, नागपूर. ऑगस्टमध्ये स्वतःच्या कारने जबलपूर आणि भेडाघाटचा धुआंधार करायचा विचार आहे. पावसाळ्यात धबधबा जोरात असेल ना?

उत्तर : पाणी भरपूर असेल, पण धबधबा दिसेलच असं नाही. नर्मदेला पूर आला, वर बरगी धरणाची दारं उघडली, की खालचं पात्र इतकं भरतं की कडाच बुडतो. संगमरवरी कड्यांमधली नावही पावसाळ्यात बंद असते, आणि माझ्या मते भेडाघाटचा निम्मा जीव त्या नावेत आहे. म्हणून दिवाळीनंतर जा. तेव्हा पाणी सरळ खाली कोसळतं आणि तुषारांचा धूर कठड्यापर्यंत येतो. चष्मा पुसत राहावा लागतो, ओढणी चिंब होते. ह्यांना तर तिथून हलवणं कठीण झालं होतं!

रस्ता सोपा आहे : कामठी, मनसर, देवलापार, खवासा, सिवनी, लखनादौन, जबलपूर. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पेंचच्या जंगलात महामार्ग उंच खांबांवर नेलाय, खालून वाघ-हरणांनी ये-जा करावी म्हणून. तिथे गाडी थांबवू नका, हॉर्नही नको. पहाटे निघा, जेवायला जबलपूर.

मुक्काम शहरात करा. भेडाघाट तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. सकाळी आधी पंचवटी घाटावरून नाव, मग धबधबा. गुडघे साथ देत असतील तर चौसष्ट योगिनीच्या पायऱ्याही चढा. कलचुरी राजांच्या काळातलं ते गोल मंदिर चुकवू नका. आणि परतण्याआधी जबलपूरची खव्याची जिलबी, गरमच खा.