डोंगराच्या पोटातील प्रयोगशाळेचे छत खांबांशिवाय कसे टिकते, आणि गोव्यात असे दालन खोदता येईल का?

छताचा खरा आधार खडक स्वतःच असतो; बाकी सारी व्यवस्था त्याला एकसंध ठेवण्यासाठी असते. जपानमधील सुपर-कामिओकांडे या, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या भूमिगत प्रयोगशाळेची ३९ मीटर व्यासाची आणि ४१ मीटर उंचीची टाकी सुमारे १००० मीटर खडकाखालच्या दालनात आहे. असे दालन एका दमात खोदत नाहीत. प्रथम माथ्याचा अरुंद बोगदा काढून तो दोन्ही बाजूंना रुंदावतात, उघड्या पडलेल्या छतात लगेच पोलादी बोल्ट बसवून त्यावर काँक्रीट फवारतात, आणि मगच टप्प्याटप्प्याने खाली उतरतात. प्रत्येक सुरुंगानंतर भिंती किती आत सरकल्या हे मोजतात. माझ्या मते हे मोजमाप बोल्टांइतकेच मोलाचे आहे, कारण वाढती हालचाल वेळीच दिसली तरच आधार वाढवता येतो.

गोव्याविषयी सांगायचे तर वरचा जांभा आणि त्याखालची मऊ माती यांत असे दालन टिकणार नाही. कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याला मऊ मातीनेच फार छळले. सह्याद्रीच्या पायथ्याशी खोलवर अखंड खडक मिळाला, तरच विचार करता येईल, आणि तेव्हाही आधी छिद्रे पाडून खडकातील भेगांची दिशा व पावसाळ्यातील पाझर तपासायलाच हवा.